खड्ड्याच्या भिंती कोण धरून ठेवते?

समुद्रकाठी वाळूत खड्डा खणण्याचा खेळ तुम्ही खेळला असालच. कोरड्या वाळूत खड्डा खोल होण्याऐवजी रुंदच होत जातो. ओलसर वाळूत मात्र वीतभर उभी कड टिकते, कारण पाण्याचा पृष्ठताण कणांना बांधून ठेवतो. आणखी खाली पाणी लागले, की ती कड ढासळलीच म्हणून समजा! शहरात भुयारी स्थानक बांधणाऱ्या इंजिनियरापुढे हाच प्रश्न असतो. फरक एवढाच, की त्याच्या खड्ड्याच्या काठावर रस्ते आणि घरे असतात. कडेला उतार देण्याची सोय त्याला नसते.

माती नुसती खाली दाबत नाही, बाजूलाही रेटते. घट्ट मातीचे कण एकमेकांना अडवतात, म्हणून तिचा आडवा रेटा कमी. पाण्याने भरलेली मऊ चिकणमाती मात्र जवळजवळ द्रवासारखी वागते. पाण्याचा दाब दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे १ टनाने वाढतो, आणि चिकणमाती तर पाण्याहून जड! म्हणून आधी जमिनीत दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती उतरवतात आणि खणत जाताना त्यांच्यामध्ये पोलादी टेकूंचे आडवे थर बसवतात.

सिंगापूरला निकोल हायवेजवळ भुयारी रेल्वेसाठी असाच सुमारे ३० मीटर खोल खड्डा खणला होता. टेकूंचे ९ थर बसले होते. २० एप्रिल २००४ रोजी सकाळी टेकूंच्या टोकांशी पोलाद वाकलेले दिसले. दुपारी नवव्या थराचे सांधे गेले. त्यांचा भार आठव्या थरावर आला, तो त्याला पेलवेना, आणि पाहता पाहता खड्डा रस्त्यासकट कोसळला. चौघे मृत्युमुखी पडले.

चौकशीत काय आढळले? चिकणमातीतले पाणी चटकन बाहेर पडत नाही. त्यामुळे ती दाबली गेली तरी कण घट्ट बसत नाहीत, माती अशक्तच राहते. संगणकाच्या गणितात तिची ताकद प्रत्यक्षाहून जास्त धरली गेली होती. साहजिकच भिंतीवरचा रेटा हिशेबात कमी आला. शिवाय टेकू जेथे भिंतीलगतच्या तुळईला टेकतो तो जोडही कमकुवत होता. भिंत किती वाकते हे मोजणारी उपकरणे होती आणि ती इशाराही देत होती. पण आकडे मर्यादेबाहेर गेले तेव्हा मर्यादाच वाढवण्यात आली. (नोंद अपेक्षेप्रमाणे आली नाही तर ती खोडणारे विद्यार्थी मला प्रयोगशाळेत दरवर्षी भेटतात!)

पुढे ती जागा सोडून, थोड्या अंतरावर नवे स्थानक बांधले गेले. तेथून २०१० साली गाड्या धावू लागल्या.