घोणस चावली, रक्त गोठेना

उसाचा पट्टा म्हणजे बारामती आणि इंदापूर. फडात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. घोणस पाचटाच्या रंगात मिसळून जाते, चुकून पाय पडला की डसते. मग चावलेली जागा सुजते आणि पुढे हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. असे का होते, हे समजायला आपल्या रक्तातील प्रथिनांची ओळख हवी.

रक्तातील पेशी बाजूला केल्या की जे पिवळसर पाणी उरते, तो प्लाझ्मा. रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग हाच असतो. 100 मिलिलिटर प्लाझ्मात 6 ते 8 ग्रॅम प्रथिने असतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन.

अल्ब्युमिन सर्वात जास्त असते. ते यकृतात तयार होते, पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते आणि औषधे वाहून नेते. ते फार कमी झाले की अंगावर सूज येते.

ग्लोब्युलिन गटात रोगाशी लढणारी प्रतिपिंडे येतात.

फायब्रिनोजेन जखमेवर धाग्यांचे जाळे विणते, म्हणून रक्त थांबते.

घोणसचे विष रक्त गोठवणारी यंत्रणा नको तेथे सुरू करते. त्यात फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि खऱ्या जखमेसाठी काही उरत नाही. म्हणूनच दवाखान्यात काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिले, तर विष भिनले असे समजतात.

यावरचा इलाजही प्लाझ्मातील प्रथिनच आहे. घोड्यांना विषाची अल्प मात्रा देत गेले की त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढून प्रतिविष बनवतात. महाराष्ट्रात हे काम हाफकिन महामंडळ करते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर हे एकच इंजेक्शन चालते. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढीच मात्रा लागते, कारण साप माणूस पाहून विष कमी सोडत नाही. या इंजेक्शनची कधी रिॲक्शन येते, म्हणून ते रुग्णालयातच घ्यावे.

काही दंशांत विष उतरतच नाही, काही साप बिनविषारी असतात. असा माणूस बरा होतो आणि नाव मांत्रिकाचे होते. विष उतरलेल्या माणसाचा मात्र तिथे वेळ जातो.

साप चावला तर माणसाला धीर द्या, चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. हाडाला मार लागल्यावर बांधतो तशी फळी लावून हात किंवा पाय स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका, चिरू नका, चोखू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली किंवा इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. साप मारण्यात वेळ घालवू नका.

हे पान कापून विहाराच्या फलकावर लावा. फडावर जाणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.