कामगारांची सुरक्षा (भाग 7) : गॅस लागलेल्याकडे धावण्याआधी

मागच्या आठवड्यात भाजलेल्या माणसावरचे प्रथमोपचार पाहिले. आजचा विषय त्याहून फसवा आहे: रंग नाही, वास नाही असा वायू.

12 जून 2014. भिलाई पोलाद कारखान्यातल्या पंप हाऊस क्रमांक 2 मध्ये बिघाड झाला आणि पाण्याचा दाब पडला. झोतभट्टीतून निघणारा वायू पाण्याने धुऊन स्वच्छ करतात. दाब पडताच तोच वायू जलवाहिनीतून उलटा आला. सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. पंप हाऊस ही पाण्याची जागा. तिथे गॅस मारील, हे कुणाच्या मनात येणार?

झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण साधारण 20 ते 25 टक्के असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. धोका उमगेपर्यंत पळायची ताकदच उरत नाही. म्हणून पडलेल्या सोबत्याला उचलायला जो तसाच धावतो, तोही त्याच्याशेजारी पडतो. ओला रुमाल किंवा धुळीचा मास्क हा वायू अडवत नाही. आधी हाक देऊन इतरांना सावध करायचे, नियंत्रण कक्षाला कळवायचे, वाऱ्याची दिशा पाहून बाजूला व्हायचे. आत जायचे ते फक्त सिलिंडरचा श्वसनसंच चढवलेल्या, सराव असलेल्या माणसाने. माणूस डोळ्यांसमोर कोसळलेला असताना थांबणे फार कठीण असते. भिंतीवरच्या फलकाने ते जमत नाही. पुन्हापुन्हा केलेल्या तालमीनेच जमते.

बाहेर काढल्यावर मोकळी हवा आणि लगेच ऑक्सिजन. श्वास थांबला असेल तर सीपीआर. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते, आकडा चांगला दिसतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यालाही दवाखान्यात न्यायलाच हवे.

गॅसचा धोका विषबाधेपुरताच नाही. भिलाईच्या याच कारखान्यात 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना भडका उडाला. मृतांत कारखान्याच्या अग्निशमन दलाचे जवानही होते. जळत्या गॅसवाहिनीचा पुरवठा एकदम तोडला तर आत हवा ओढली जाऊन स्फोट होऊ शकतो. दाब हळूहळू उतरवावा लागतो. हे काम तज्ज्ञांचेच.

माझ्या मते सर्वांत मोठी उणीव कंत्राटी कामगाराच्या बाबतीत राहते. आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्या माणसाला त्या जागेचा धोका त्याच्या भाषेत, काम सुरू होण्याआधी सांगितला पाहिजे. तुम्ही कारखान्यात असाल, तर पुढच्या पाळीला सुपरवायझरला विचारा: इथे कोणता गॅस आहे, गॅस मोजायचे यंत्र कुणाकडे आहे, श्वसनसंच कुठे ठेवला आहे आणि तो घालता कुणाला येतो? उत्तर मिळेपर्यंत आत पाऊल टाकू नका.