विश्लेषण : शाळेतला टॅब वही होऊ शकतो का?

दप्तराचे ओझे कमी व्हावे, अभ्यास रंजक व्हावा आणि ग्रामीण भागातील मुलांनाही चांगले अध्ययन साहित्य मिळावे, अशा हेतूंनी शाळकरी विद्यार्थ्यांच्या हाती टॅब देण्याच्या योजना दशकभराहून अधिक काळ राबवल्या जात आहेत. या योजनांची चर्चा मात्र बहुतेक वेळा टॅबची किंमत, निविदा आणि वाटप यांभोवती फिरते. टॅब हाती आल्यावर विद्यार्थ्याने त्यावर काय करायचे, हा प्रश्न मागे पडतो. त्यावर फक्त पाहायचे की लिहायचेही, यावर टॅबचा उपयोग अवलंबून आहे.

टॅब योजनांचा आजवरचा अनुभव काय?

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. दप्तराचे वजन घटवणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता आणि टॅबमध्ये अभ्यासक्रम भरलेला होता. २०१८-१९ मध्ये राज्यात आठवीचा अभ्यासक्रमच बदलला. पुस्तकाची जागा घेणाऱ्या टॅबची मर्यादा इथे दिसते. पुस्तक बदलले की आतला मजकूरही नव्याने भरावा लागतो. हरियाणाने २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या सुमारे पाच लाख विद्यार्थ्यांसाठी मोफत डेटासह टॅब योजना आणली. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ संस्थेने जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब आणि इंटरनेट डेटा दिला.

परदेशांतील अनुभवही संमिश्र आहेत. पेरू देशाने ग्रामीण प्राथमिक शाळांत लाखो लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या २०१२ मधील अभ्यासात त्यामुळे मुलांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा आढळली नाही. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची योजना सुरू केली. काही आठवड्यांतच विद्यार्थ्यांनी त्यावरील सुरक्षा निर्बंध ओलांडले आणि २०१४ मध्ये योजना गुंडाळावी लागली. केवळ उपकरण दिल्याने अभ्यासाची पद्धत बदलत नाही, हे या उदाहरणांवरून दिसते.

हाताने लिहिणे आणि टाइप करणे यांत फरक पडतो का?

प्रिन्स्टन आणि कॅलिफोर्निया (लॉस एंजलिस) विद्यापीठांतील पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅपटॉपवर नोट्स घेणारे विद्यार्थी अधिक शब्द लिहितात, पण ते वक्त्याचेच शब्द जसेच्या तसे उतरवतात आणि संकल्पनांवरील प्रश्नांत मागे पडतात, असे त्यात आढळले. मात्र हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा चित्र तितके स्पष्ट राहिले नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात टाइप करणारे जसेच्या तसे लिहितात हे पुन्हा दिसले. गुणांतील फरक मात्र ठोसपणे आढळला नाही.

नॉर्वेतील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६ विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील जोडणी टाइप करतानापेक्षा अधिक व्यापक होती. यातली महत्त्वाची बाब अशी की, हे विद्यार्थी कागदावर नव्हे, तर टचस्क्रीनवर डिजिटल पेनने लिहीत होते. अर्थात, त्यांनी सुटे शब्द लिहिले होते, टाइप करताना एकच बोट वापरले होते आणि प्रयोगात मोजला गेला तो मेंदूचा प्रतिसाद. त्यांना पुढे किती आठवले हे नव्हे. तरीही ‘वही विरुद्ध पडदा’ अशी सरसकट लढाई लावण्यात अर्थ नाही, एवढे यातून निघते. पडद्यावरही हाताने लिहिता येते.

मराठी माध्यमासाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा का?

पडद्यावरील कळफलकावर जोडाक्षरे, रफार, काना-मात्रा टाइप करताना वेग मंदावतो. त्यामुळे अनेक जण रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात आणि सुचवलेला देवनागरी शब्द निवडतात. अशा वेळी ऱ्हस्व-दीर्घ काय असावे, हे विद्यार्थ्याऐवजी सॉफ्टवेअर ठरवते. डिजिटल पेनने लिहिताना शब्द पूर्ण आपल्यालाच लिहावा लागतो. भूमितीच्या आकृत्या, रासायनिक समीकरणे, नकाशे यांसाठी तर पेन असलेलाच बरा. शिवाय दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा कागदावर पेनानेच द्यायच्या असतात. तीन तास सलग लिहिण्याचा सराव टॅबने मोडला, तर त्याची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागेल. म्हणून नोट्स टॅबवर घेतल्या तरी सराव उत्तरपत्रिका कागदावरच सोडवणे शहाणपणाचे.

टॅबवर नोट्स कशा घ्याव्यात?

वननोट, गुडनोट्स, सॅमसंग नोट्स अशी अनेक ॲप उपलब्ध आहेत. त्यांतले एकच निवडून त्यावर टिकून राहावे. प्रत्येक विषयाची स्वतंत्र वही, प्रत्येक पानावर तारीख आणि पाठाचे नाव, ही जुनी शिस्त इथेही लागते. ॲपमध्ये शब्द शोधण्याची सोय असते. पण मराठी हस्ताक्षर प्रत्येक ॲपला ओळखता येईलच असे नाही. म्हणून शीर्षक तेवढे टाइप करून ठेवावे.

पानाच्या मांडणीसाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली पद्धत उपयोगी आहे. पानाचे उजवीकडे रुंद आणि डावीकडे अरुंद असे दोन भाग करायचे. तास चालू असताना उजवीकडे स्वतःच्या शब्दांत मुद्दे लिहायचे. घरी गेल्यावर डावीकडे त्या मुद्द्यांवरचे प्रश्न आणि खाली दोन-तीन ओळींचा सारांश लिहायचा. उजळणीच्या वेळी उजवा भाग झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे आठवायची. टॅबवर एखादा रंगीत चौकोन ओढून हे सहज साधते. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिल्याने मजकूर अधिक काळ लक्षात राहतो, असे २००६ मधील रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात दिसले होते.

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती ॲपमध्ये उघडून समासात टिपा लिहिता येतात. एक सवय मात्र टाळावी. फळ्याचा फोटो काढला की नोट्स झाल्या, असे नाही. किचकट आकृतीचा फोटो ठीक. पण त्याखाली ती आकृती काय सांगते, हे दोन ओळींत स्वतः लिहावे.

लक्ष विचलित होण्याचे काय?

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ मधील निष्कर्षांत दोन बाजू दिसतात. शाळेत शिकण्यासाठी दिवसाला एक तासापर्यंत डिजिटल उपकरणे वापरणाऱ्यांचे गणिताचे गुण, ती अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ ने अधिक होते. याउलट, वर्गातल्या इतरांच्या उपकरणांमुळे आपले लक्ष विचलित होते, असे सांगणाऱ्यांचे गुण सरासरी १५ ने कमी होते. या आकड्यांवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण वापर मोजका आणि ठरवून असावा, असा इशारा नक्कीच मिळतो. स्वीडनने तर २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले. युनेस्कोच्या त्याच वर्षीच्या अहवालानेही, तंत्रज्ञान शिक्षकाची जागा घेणारे नव्हे तर त्याला पूरक असावे, असे बजावले.

वर्गात उपाय सोपे आहेत. अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ आणि आयपॅडमध्ये ‘गायडेड ॲक्सेस’ या सोयींनी पडद्यावर एकच ॲप उघडे ठेवता येते. शिक्षक समजावून सांगत असताना टॅब पालथा ठेवायचा, हा नियम तर फुकटचाच आहे.

शाळांनी खरेदीपूर्वी काय ठरवावे?

पहिला प्रश्न पेनचा. पडद्यावर हात टेकला तरी नीट लिहिता येते का, हे विद्यार्थ्याच्या हाती टॅब देऊन पाहावे. पेनविना घेतलेला टॅब बहुतेक वेळा व्हिडीओ पाहण्याचे साधन होतो. दुसरा प्रश्न इंटरनेट आणि विजेचा. नेटवर्क नसताना ॲप चालते का, एकाच वर्गातले ४०-५० टॅब कुठे चार्ज होणार? तिसरा प्रश्न नोट्सच्या मालकीचा. शाळा सोडताना विद्यार्थ्याला आपल्या वह्या पीडीएफ स्वरूपात नेता आल्या पाहिजेत. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक असल्याचे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. त्यामुळे ॲपची निवडही विचारपूर्वक हवी. चौथा प्रश्न शिक्षकांचा. विद्यार्थ्यांआधी टॅब आणि प्रशिक्षण त्यांना मिळायला हवे. डिजिटल वही तपासायची कशी आणि शेरा कुठे लिहायचा, हे त्यांना माहीत नसेल तर मुलांच्या वह्या न तपासताच राहतील.

अक्षर वळणाला लागण्याच्या वयात, म्हणजे प्राथमिक वर्गांत, पाटी आणि वही यांना हात लावण्याचे कारण नाही. टॅबवर नोट्स घेण्याची सुरुवात उच्च प्राथमिकपासून, तीही एक-दोन विषयांत करून पाहता येईल. ती यशस्वी झाली का, हे तपासायला मोठ्या अहवालाची गरज नाही. मागच्या आठवड्यात शिकवलेला एखादा पाठ निवडावा. टॅब पालथा ठेवायला सांगून विद्यार्थ्याला तो पाच मिनिटांत समजावून सांगायला लावावा. त्याला तो सांगता आला, तर त्या वर्गातले टॅब सार्थकी लागले, असे म्हणता येईल.