छत शहराचे, हात संस्थेचे
बालकांच्या हॉस्पिसची उभारणी कशी होते?

वैद्यकशास्त्राने गेल्या शतकात असंख्य बालकांना जीवदान दिले. तरीही काही आजार असे आहेत की ज्यांच्यापुढे औषधोपचारांची मर्यादा स्पष्ट होते. रोग बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर त्या मुलाचे आणि त्याच्या आईवडिलांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र रुग्णालयाच्या दाराशीच राहून जातो. बालकांचे हॉस्पिस हे या प्रश्नाचे उत्तर होय. अशी वास्तू केवळ सद्भावनेतून उभी राहत नाही. तिच्यासाठी जागा, कुशल मनुष्यबळ आणि वर्षानुवर्षे पुरेल असा पैसा या तिन्हींची सोय करावी लागते. शहराचे प्रशासन व सेवाभावी संस्था एकत्र आल्यास ही सोय कशी होऊ शकते, हे कॅनडातील एका उदाहरणावरून पाहू.

हॉस्पिस म्हणजे काय?

आधुनिक हॉस्पिसचा प्रारंभ डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. खास बालकांसाठीचे जगातील पहिले हॉस्पिस, हेलन हाउस, १९८२ साली ऑक्सफर्ड येथे सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

प्रौढांच्या व बालकांच्या हॉस्पिसमध्ये महत्त्वाचा फरक आहे. प्रौढ रुग्ण बहुधा अखेरच्या काही आठवड्यांसाठी तेथे येतो. बालकांच्या बाबतीत कर्करोगाबरोबरच स्नायू, मज्जासंस्था व चयापचय यांचे दुर्मीळ आजार असतात आणि त्यांपैकी काही वर्षानुवर्षे चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार बालकाची परिहारक सेवा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, निदान झाल्या दिवसापासून सुरू व्हावयास हवी. त्यामुळे हे मूल हॉस्पिसमध्ये अनेकदा येते आणि अनेकदा घरी परतते. वेदना, धाप, झटके यांवर तेथे उपचार होतात. त्याचबरोबर रात्रंदिवस शुश्रूषा करून थकलेल्या आईवडिलांना काही दिवसांची विश्रांती मिळते, भावंडांची विचारपूस होते आणि मूल गेल्यानंतरही कुटुंबाला आधार दिला जातो. शिवाय मूल हे शेवटपर्यंत मूलच असते. म्हणून खेळ, चित्रे आणि गोष्टी यांनाही तेथे औषधाइतकेच स्थान असते.

व्हँकूव्हरची हवेली

कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या शॉनेसी या श्रीमंत वस्तीत ‘ग्लेन ब्रे’ नावाची हवेली आहे. लाकडाच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या विल्यम टेट यांनी ती १९१० च्या सुमारास बांधली. दोन घुमटाकार मनोरे आणि वरच्या मजल्यावर नृत्याचे दालन, असा तिचा थाट होता. या वास्तूने विपरीत दिवसही पाहिले. १९२५ साली कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेने ती भाड्याने घेतली होती. पुढे अनेक वर्षे तेथे वृद्धांसाठी खाजगी शुश्रूषागृह चालले. १९९१ साली मालकीणबाई एलिझाबेथ व्लोसिन्स्की यांच्या मृत्युपत्रान्वये ही हवेली व्हँकूव्हर शहराला मिळाली.

याच सुमारास ब्रेंडा इंग या परिचारिकेने शहरात बालकांचे हॉस्पिस व्हावे म्हणून प्रयत्न चालविले होते. शहराकडे वास्तू होती, तर संस्थेकडे कल्पना व सेवेची तयारी होती. शहराने मालकी स्वतःकडे ठेवून ही हवेली नाममात्र भाड्याने संस्थेस दिली. ‘व्हँकूव्हर कॅनक्स’ या आइस हॉकी संघाने उदार साहाय्य केले व त्यावरूनच संस्थेस ‘कॅनक प्लेस’ हे नाव मिळाले. ३० नोव्हेंबर १९९५ रोजी ते सुरू झाले. स्वतंत्र वास्तूत चालणारे उत्तर अमेरिकेतील ते पहिले बाल-हॉस्पिस होय. २०१४ साली जवळच्या अ‍ॅबट्सफर्ड शहरात संस्थेची दुसरी वास्तूही उभी राहिली.

या व्यवस्थेतील कामाची वाटणी ध्यानात घेण्याजोगी आहे. मालकी शहराची असल्याने ती मौल्यवान मालमत्ता कोणा खाजगी हाती जाण्याची भीती नाही. संस्थेस जमीन व इमारत विकत घ्यावी लागली नाही, त्यामुळे देणगीदारांचा पैसा प्रत्यक्ष सेवेकडे वळविता आला. दैनंदिन सेवा संस्थेच्या हाती असल्याने निर्णय रुग्णाच्या गरजेनुसार त्वरेने घेता येतात.

खरी कसोटी : आवर्ती खर्च

वास्तूच्या उद्घाटनासाठी देणगी मिळविणे तुलनेने सोपे असते. देणगीदाराचे नाव कोनशिलेवर कोरता येते. परंतु रात्रपाळीच्या परिचारिकेच्या वेतनाला कोनशिला नसते. बाल-हॉस्पिसचा मोठा खर्च नेमका येथेच होतो. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, औषधे व घरभेटींची वाहने यांचा खर्च दरमहा येतो आणि तो कधीही थांबत नाही. कॅनक प्लेसमध्ये कुटुंबांकडून सेवेचे शुल्क घेतले जात नाही. प्रांतिक शासनाच्या निधीला लोकांच्या देणग्यांची जोड देऊन हा भार उचलला जातो.

म्हणूनच असा करार करताना काही बाबी आरंभीच लेखी ठरवाव्या लागतात. भाडेपट्टा किती वर्षांचा, मोठी दुरुस्ती कोणी करावयाची, हिशेबाची तपासणी कोण करणार आणि संस्था बंद पडल्यास रुग्णांची जबाबदारी कोणाची, ही कलमे कागदावर रुक्ष वाटतात. पण आजारी मुलाची खाट उद्याही जागेवर राहील की नाही, हे त्यांच्यावरच अवलंबून असते.

आपल्याकडील वाटचाल

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत सुरू झाले. केरळने २००८ साली परिहारक सेवेचे राज्य धोरण जाहीर केले. तेथे स्थानिक स्वराज्य संस्था, आरोग्य केंद्रे व स्वयंसेवक मिळून रुग्णांच्या घरी सेवा पोहोचवितात. महाराष्ट्रात २०१० ते २०१५ या काळात ब्रिटिश शासनाच्या निधीतून बालकांसाठी परिहारक सेवेचा प्रकल्प राबविण्यात आला. जव्हारचे कुटीर रुग्णालय आणि मुंबई महापालिकेचे शीव रुग्णालय यांचा त्यात समावेश होता. शासकीय रुग्णालय व सेवाभावी संस्था हातात हात घालून काम करू शकतात, हे त्यातून दिसून आले. तीव्र वेदनेवरील मॉर्फिनसारख्या औषधांची परवानापद्धती २०१४ च्या कायदादुरुस्तीने सुलभ झाली, हीदेखील मोठी सोय होय. प्रत्येक शहरात हवेली मिळेलच असे नाही. पालिका रुग्णालयातील एक कक्ष व घरभेटी देणारे एक पथक, एवढ्यावरही प्रारंभ होऊ शकतो.

आपला वाटा

वाचकांपैकी अनेकांना अशा कार्यास साहाय्य करण्याची इच्छा असेल. एकरकमी देणगीपेक्षा दरमहा खात्यातून परस्पर जाणारी लहानशी नियमित रक्कम संस्थेस अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर वेतनाचे नियोजन करता येते. देणगीपूर्वी संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब व वार्षिक अहवाल अवश्य पाहावेत. आयकरातील सवलत आपण निवडलेल्या करप्रणालीवर अवलंबून असते, हेही लक्षात ठेवावे. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतूनही आरोग्यसेवेस साहाय्य करता येते.

मृत्युपत्राद्वारे मालमत्ता अशा कार्यास देण्याचा मार्गही खुला आहे. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ अन्वये केलेल्या मृत्युपत्रावर सामान्यतः किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. मालमत्ता कोणास व कोणत्या कारणासाठी दिली, हे त्यात निःसंदिग्ध शब्दांत नमूद करावे व जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

बरे न होणाऱ्या मुलाला आपण आयुष्याचे दिवस देऊ शकत नाही. परंतु जे दिवस त्याच्याजवळ आहेत ते वेदनेवाचून आणि आईवडिलांच्या सहवासात जावेत, एवढी व्यवस्था शहर, संस्था आणि नागरिक मिळून निश्चितच करू शकतात.