22 मिनिटांत शुभमंगल

पत्रिका कसली, पेटीच होती. आत चांदीचा गणपती, काजू-बदाम आणि तीन दिवसांचा छापील कार्यक्रम. त्यात एक ओळ, ‘धार्मिक विधी : 22 मिनिटे’. ही 22 मिनिटं बसवतात कशी, ते बघायला मी ओळखीच्या गुरुजींबरोबर मुळशीच्या त्या रिसॉर्टवर गेलो.

“कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी सोडत नाही. बाकीचं आखडतं घेतो,” गुरुजींनी गाडीतच सांगून टाकलं.

सीमांतपूजन, गौरीहर उरकले. मुहूर्त 12 वाजून 18 मिनिटांचा, तीन ज्योतिषांकडून तपासून घेतलेला. पण मंत्रिमहोदयांचं हेलिकॉप्टर काही येईना. अंतरपाट धरलेला, आणि गुरुजी मंगलाष्टकं ताणतायत. शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरांचा चरण, बाराव्यावर क्षणभर थांबायचं; गुरुजी तिथे आभाळाकडे बघून घेत. अखेर साहेब उतरले, ‘सावधान’ झालं, आणि इव्हेंटवाली मुलगी वॉकीटॉकीत म्हणाली, “22 सुरू.”

देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (1899) पैसेवाल्या भुजंगनाथाचं लग्न सगोत्र निघालं म्हणून भर मांडवात मोडलं होतं. इथे गोत्र विचारल्यावर नवरदेवाने आईकडे पाहिलं, आईने इव्हेंटवालीकडे. तिच्या फाइलीत होतं.

हॉलमध्ये धुराचा अलार्म, म्हणून होम बाहेर हिरवळीवर. ड्रोन खाली आला आणि नवरीच्या ओंजळीतल्या लाह्या अग्नीऐवजी मंत्र्यांच्या जाकिटावर गेल्या. तुपाचा वास पाहुण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून दोन मोठे पंखे उलटे लावले होते. भाविक घराणं!

मग तांदळाच्या सात राशी. सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो, असं 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 सांगतं. सातवं पाऊल पडलं आणि फोटोग्राफर ओरडला, “मॅम, वन्स मोअर! शालूचा काठ नाही आला.”

गुरुजी खाली वाकले. विस्कटलेली रास बोटांनी गोळा केली, कडेने सारखी केली, आणि मंत्र पहिल्यापासून म्हटला. अख्खा. 22 मिनिटं केव्हाच उलटली होती, इव्हेंटवाली घड्याळ दाखवत होती. तेवढ्यापुरते ते कुणाचेच नोकर नव्हते.

दक्षिणा कंपनीमार्फत, टीडीएस कापून. अकाउंटंटने पॅन नंबर विचारला. गुरुजींनी तो तोंडपाठ सांगितला आणि गाडी मागवली. नऱ्ह्याला गोरज मुहूर्त गाठायचा होता.