नेट स्लो चालतंय? प्लॅन वाढवण्याआधी हे तपासा



दाभोळला होमस्टे किंवा खानावळ काढताय? मग हा प्रसंग येणारच. पाहुणे निघालेत, त्यांच्या फोनला रेंज नाही, म्हणून तुमच्या वायफायवरून पैसे पाठवतायत आणि चक्र नुसतं फिरतंय. आतल्या खोलीत कुणीतरी व्हिडिओ बघतंय. आपण काय करतो? मोठा प्लॅन घेतो. थांबा!

दाभोळ-धोपावे फेरीबोट आठवा. रस्ता कितीही रुंद केला, तरी बोटीत मावतील तेवढ्याच गाड्या पलीकडे जाणार. घरापर्यंत आलेली फायबर म्हणजे रस्ता, राऊटर ते फोन हे वायफाय म्हणजे बोट. साध्या वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात.

त्यात जांभ्याच्या जाड भिंती. समजा, जवळच्या फोनला १०० एमबीपीएस वेग मिळतोय आणि शेवटच्या खोलीत ५. तोच व्हिडिओ उतरवायला लांबचा फोन २० पट वेळ हवा अडवून धरतो. खोळंबा सगळ्यांचा!

आधी मोजा. गर्दीच्या वेळी लॅपटॉपला केबल लावून स्पीड बघा, मग वायफायवर बघा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर कमी असेल, तर मोठ्या प्लॅनचे पैसे वाया जातील. केबलवरच कमी असेल, तरच कंपनीशी बोला.

मग वाटणी करा.

१. जे जागचं हलत नाही ते केबलवर घ्या: बिलिंगचा कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, टीव्ही. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते.

२. लांबच्या खोल्यांसाठी केबलने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा. साधा रिपीटर तोच डेटा पुन्हा हवेतूनच पाठवतो, म्हणजे बोटीच्या दोन फेऱ्या.

३. दोन्हींचे चॅनेल वेगळे ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो; तो जवळच्या फोनना द्या.

४. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करा आणि राऊटरमध्ये सोय असेल तर दर फोनला वेगाची मर्यादा घाला. पैसे पाठवायला डेटा अगदी थोडा लागतो, फक्त तो वेळेवर मिळायला हवा.

५. फायबर तुटली तर हाताशी सिमचं नेट ठेवा. त्यावर फक्त बिलिंग आणि पेमेंट चालवा, व्हिडिओ बंद.

धंद्यात भांडवल वाटतो तसंच नेटही वाटायचं असतं, मंडळी. आज गल्ल्यावर बसल्यावर पहिलं काम हेच: केबल लावा आणि मोजा. भेटू पुढच्या व्हिडिओत!