विश्वास, करार आणि नीतिमत्त्व
पवित्र शास्त्रातील काही उताऱ्यांचे रुग्णसेवेच्या संदर्भात मनन

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, खाटांचा तपशील आणि देणगीदारांची यादी असते, तशीच ज्या श्रद्धेच्या आधारावर असे कार्य उभे राहते त्या श्रद्धेचीही थोडी उजळणी असावी, असे आम्हांस वाटते. कोरेगाव व परिसरातील आमचे बहुसंख्य रुग्ण, अनेक देणगीदार आणि हितचिंतक ख्रिस्ती नाहीत. त्यांनी ख्रिस्ती व्हावे अशा अपेक्षेने आम्ही हा लेख लिहीत नाही. ख्रिस्ती रुग्णसेवेमागे पवित्र शास्त्रातील कोणते विचार उभे आहेत, आणि त्या विचारांप्रमाणे रुग्णालयाकडून काय मागण्याचा हक्क समाजाला आहे, हे सोप्या शब्दांत मांडावे एवढाच हेतू आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना हा विषय परका नाही. डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. पुणे–मिरज लोहमार्गावरील गावांतून पिढ्यान्‌पिढ्या रुग्ण ‘मिरजेच्या मिशन’मध्ये जात असत. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली आणि मिरजेच्या दरम्यान आहे. वाईतही मिशनचे रुग्णालय उभे राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपल्या आयुष्याच्या शेवटच्या पर्वात, १९१७ साली, साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचावयास घेतला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला, हे सर्वश्रुत आहे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. या प्रवचनात कर्मकांडाविषयी फार थोडे आणि शेजाऱ्याशी, वैऱ्याशी व गरजवंताशी कसे वागावे याविषयी पुष्कळ सांगितले आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

विश्वास म्हणजे काय?

विश्वास म्हणजे डोळे मिटून काहीही मान्य करणे, असा समज आढळतो. पवित्र शास्त्रातील अर्थ याहून निराळा आहे. विश्वासासाठी वापरलेला मूळ इब्री शब्द स्थिर, टिकाऊ, ज्यावर भार टाकता येईल अशा गोष्टीशी निगडित आहे. प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘आमेन’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. म्हणजे विश्वास ठेवणे हे मनाच्या कल्पनेइतकेच वागण्याचेही अंग आहे.

अब्राहामाची कथा याचे प्रमुख उदाहरण होय. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी तो देवाच्या सांगण्यावरून आपले स्थान सोडून निघतो. आपण कोठे जात आहोत हे ठाऊक नसतानाही तो निघाला, याची आठवण इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात करून दिली आहे. पंधराव्या अध्यायात त्याच्या या विश्वासालाच देवाने नीतिमत्त्व गणले, असे म्हटले आहे. परंतु याकोबाचे पत्र या विधानाला पुरवणी जोडते. उघड्यानागड्या, उपाशी बंधूला केवळ शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याच्या विश्वासाचा काय उपयोग, असा रोखठोक प्रश्न याकोब विचारतो. कृतीविना विश्वास निर्जीव आहे, हा त्याचा निष्कर्ष होय. रुग्णालयाच्या दाराशी आलेल्या माणसाला केवळ प्रार्थना देऊन परत पाठविता येत नाही, याचे मूळ येथे आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मार्कच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून ते घराचे छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तेथे लिहिले आहे. ‘त्यांचा’ हे सर्वनाम महत्त्वाचे आहे. आजारी माणूस स्वतः हतबल असतो, पुष्कळदा त्याची उमेदही संपलेली असते. अशा वेळी त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास त्याच्या उपयोगी पडतो. वॉर्डाबाहेर बाकावर रात्र काढणारा भाऊ, रोजंदारी बुडवून डबा घेऊन येणारी सून, रक्त देण्यास आलेला शेजारी हे सर्व त्या चौघांच्या रांगेत बसतात.

आजार ही शिक्षा नव्हे

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ‘आमच्याच घरी हे का? आमचे काय चुकले?’ हा प्रश्न नातेवाईक वारंवार विचारतात. कुष्ठरोग, क्षयरोग, अपस्मार, मनोविकार किंवा जन्मजात व्यंग यांच्या बाबतीत शेजारीपाजारीही असे बोट दाखवितात. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी एका जन्मांध माणसाविषयी नेमका हाच प्रश्न केला आहे. पाप त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे ते विचारतात. येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला बरे करण्याच्या कामाला लागतो. ईयोबाच्या संपूर्ण ग्रंथाचा आशयही असाच आहे. दुःखी माणसाच्या उशाशी बसून त्याचा दोष शोधणाऱ्या मित्रांनाच अखेर देव दोषी ठरवितो.

म्हणून श्रद्धा कमी पडली म्हणून रुग्ण बरा झाला नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. औषध घेणे म्हणजे श्रद्धेची उणीव, असेही पवित्र शास्त्र म्हणत नाही. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात राजा हिज्कीयाच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधावयास संदेष्टा स्वतःच सांगतो. पौलाचा सहकारी लूक हा तर वैद्यच होता.

करार : दिलेल्या शब्दाचे बंधन

बायबलचे दोन भाग मराठीत ‘जुना करार’ व ‘नवा करार’ या नावांनी ओळखले जातात. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली १८११ साली मराठी नवा करार छापून झाला. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. ‘करार’ हा शब्द मूळचा अरबी असून फारसीमार्गे आपल्या दप्तरी भाषेत रुळला. खंडाने दिलेली जमीन असो वा ऊसतोडणीच्या टोळीला दिलेली उचल असो, करार म्हणजे काय हे कोरेगाव तालुक्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

तथापि पवित्र शास्त्रातील करार आणि व्यवहारातील करारनामा यांत एक मोठा भेद आहे. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम पशू कापून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो. प्राचीन काळी अशा दोन भागांमधून चालत जाऊन करार पक्का करीत. शब्द मोडला तर माझी गत या पशूंसारखी होवो, असा त्याचा अर्थ. मात्र येथे अब्राहाम गाढ झोपेत आहे. त्या भागांमधून धुराची भट्टी व जळती मशाल जाते, अर्थात देव एकटाच जातो. समर्थ पक्ष दुर्बळ पक्षासाठी स्वतःला बांधून घेतो, हा या कथेचा गाभा आहे. सीनाय पर्वतावरील करारातही क्रम हाच आहे. दहा आज्ञांच्या आधी, तुम्हांला गुलामगिरीतून सोडविणारा तो मीच, याची देव आठवण देतो. सुटका आधी होते आणि आज्ञा नंतर येतात. पुढे यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात अंतःकरणावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराचे अभिवचन येते. त्याची पूर्ती येशूच्या जीवनात व मरणात झाली, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

रुग्ण आणि रुग्णालय यांचे नातेही असेच असमान असते. एका बाजूस ज्ञान, यंत्रसामग्री व अधिकार असतो आणि दुसऱ्या बाजूस वेदना व भीती असते. अशा नात्यात ज्याच्या हाती सामर्थ्य आहे त्याने प्रथम स्वतःला बांधून घ्यावयाचे असते. उपचारांची खरी माहिती देणे, अनावश्यक तपासण्या न करणे, खर्चाचा अंदाज आधी सांगणे आणि रुग्णाचे गुपित राखणे या त्या कराराच्या अटी होत. रुग्णाकडूनही काही अपेक्षा असतात. क्षयरोगाचे नेहमीचे उपचार साधारणतः सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडणारा रुग्ण स्वतःचे व घरच्यांचे नुकसान करून घेतो. मात्र त्याने गोळ्या का सोडल्या, बसभाड्यास पैसे नव्हते की मजुरी बुडत होती, याची चौकशी करणे हे आमच्या बाजूचे कर्तव्य आहे.

नीतिमत्त्व आणि दान

नीतिमान म्हणजे सोवळा, निष्कलंक मनुष्य, असे आपण समजतो. जुन्या करारात नीतिमत्त्व बहुधा व्यवहारात मोजले जाते. वजनमापे खरी ठेवा, असे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे. त्याच अध्यायात शेताच्या कडेचे पीक व सुगीचा सरवा गरिबासाठी व परक्यासाठी राखण्याची आज्ञा आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावयास सांगितले आहे. गहाणाविषयीची आज्ञा तर अंतर्मुख करणारी आहे. कर्ज देणाऱ्याने गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. आणि गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर रात्र होण्यापूर्वी ते परत करावे. कर्जदारालाही घर आहे, थंडी आहे व अब्रू आहे, हे धनकोने विसरू नये, असा तिचा अर्थ आहे. आजारपणापायी मंगळसूत्र मोडणारी, जनावर विकणारी वा सावकाराकडे जाणारी कुटुंबे आपल्या भागात कमी नाहीत. देयक वसूल करताना रुग्णालयाने कोठवर जावे आणि दाराबाहेर कोठे थांबावे, हा प्रश्न ही आज्ञा आजही विचारते. आमोस व मीखा हे संदेष्टे तर स्पष्ट सांगतात, की न्याय व दया नसेल तेथे सण, अर्पणे आणि गायन देवाला नकोशी होतात.

नीतिमत्त्वासाठी असलेला इब्री शब्द पुढील काळात ‘दान’ या अर्थानेही रूढ झाला. गरजवंताला दिलेले साहाय्य ही उपकाराची बाब न मानता ते त्याचे न्याय्य देणे मानले गेले. आमच्या देणगीदारांना हा विचार पटेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.

आपल्या राज्याच्या कायद्यातही हे तत्त्व उतरले आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडून अनामत न मागता त्याला दाखल करून घ्यावयाचे असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका यांच्या आधारे पात्रता पाहिली जाते. नातेवाइकांनी याची विचारणा संकोच न करता करावी. ती याचना नसून हक्क आहे.

उतारशाळेतील हिशेब

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक, अध्याय १०) सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा शेवट मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाच्या जखमा बांधून शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची शुश्रूषा करतो आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देतो. त्या काळी एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. याहून अधिक खर्च झाल्यास परत येताना तो भरून देईन, असेही तो सांगतो.

या गोष्टीत तिघांवर विश्वास टाकलेला आहे. जखमी माणूस परक्याच्या हाती स्वतःला सोपवितो. शोमरोनी पैसे देऊन निघून जातो. ते योग्य रीतीने खर्च होतील हे तो रक्षकावर सोपवितो. रक्षक उरलेली रक्कम मिळेल या केवळ शब्दावर सेवा चालू ठेवतो. रुग्ण, देणगीदार आणि रुग्णालय यांचे नाते याहून वेगळे नाही. त्या रक्षकाने दोन दीनार स्वतःसाठी ठेवून घेतले असते, तर शोमरोन्याची दया त्या जखमी माणसापर्यंत पोहोचलीच नसती. आपल्या भाषेत न्यास सांभाळणाऱ्याला ‘विश्वस्त’ म्हणतात. विश्वास या शब्दाचेच ते रूप आहे. म्हणून या अहवालातील हिशेबपत्रके हाही आमच्या दृष्टीने श्रद्धेचाच भाग आहे. ती आपण बारकाईने वाचावीत, शंका असल्यास विचाराव्यात, आणि दाराशी आलेला कोणीही माणूस पैशावाचून परत गेल्याचे आपल्या कानी आल्यास ते आम्हांस अवश्य कळवावे, अशी सर्व विश्वस्त, देणगीदार व रुग्णांच्या कुटुंबीयांना नम्र विनंती आहे.